कडं

दुर्बीण नवी आहे, आणि तिचं कडं फिरत नाही.
म्हणजे फिरतं,
पण लिंगनबेरीच्या जुन्या बरणीचं झाकण फिरतं तसं:
आधी हाताचा अंत पाहतं, मग एकदम.
तीनवरून बारावर जायला
मला दोन्ही हात लागतात, आणि एक शिवी.

हेल्का म्हणाली, परत देऊन ये.
कायानीचं दुकान शंभर किलोमीटर,
आणि काउंटरवरच्या त्या पोरानं
माझ्याकडे न बघता
दोन बोटांत ते फिरवून दाखवलं होतं.
त्याची बोटं पंचविशीची.
माझ्या बोटांनी चाळीस वर्षं यांत्रिक करवत धरली,
आता थंडी पडली की ती मेणबत्तीसारखी पांढरी होतात.
डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलंय.
औषध दिलेलं नाही.

तेल घालू नका, असं पुस्तिकेत बारा भाषांत छापलंय.
आत रबराची बारीक कडी बसवलेली असते,
ती पाऊस, धूळ, बाष्प बाहेर ठेवते.
जे कुणाला आत शिरू देत नाही
ते सहजासहजी हलायचंही नाही
(हे पुस्तिकेत नाही, हे मी म्हणतोय).
पक्कड लावू नका, असं मात्र कुठल्याच भाषेत नाही.
ते मला ओइव्हानं सांगितलं,
आपल्या दुर्बिणीवरचे दातांचे वण दाखवून.

मागच्या शनिवारी
हान्हीसुओच्या दलदलीकडेला मी खोडावर बसलो होतो.
तुइस्कू दोन तास लांब कुठेतरी भुंकत होती,
म्हणून कडं बारावर,
पलीकडच्या बर्चच्या रांगेसाठी.
एल्क आला तो डावीकडून, तीस पावलांवर,
एवढं मोठं जनावर, आणि काटकीचाही आवाज नाही.
बंदूक खांद्याला लावली.
दुर्बिणीत नुसता तपकिरी रंग.
केसच केस. ना पाय, ना पोट,
ना पुढचं कळे ना मागचं.
हातमोजा दातांनी ओढला, कडं धरलं,
पिळलं,
हूं नाही की चूं नाही.
तो रंग श्वास घेत होता.
एका केसाच्या टोकावर बर्फाचा कण होता,
तो वितळून थेंब झालेला मी पाहिला.
मग रंग सरकत सरकत संपला
आणि गोलात झाडं उरली.

रेडिओवर तौनो विचारत होता, दिसला का?
म्हटलं, दिसला.
फार दिसला.

कॉफीच्या शेकोटीपाशी ते हसले, ते बरोबरच होतं.
ओइव्हा तेवढा हसला नाही. म्हणाला, पाचशे वेळा फिरव.

म्हणून आता रोज संध्याकाळी
गोळ्या कपाटात, बोल्ट काढून खिशात,
कड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चढवलेली
(नातवाचं मागचं चाक; त्याला अजून कळलेलं नाही).
तीन ते बारा. बारा ते तीन.
हेल्का मोजा विणते,
तिच्या सुया आणि माझं कडं, ताल काही जुळत नाही.
सरोवरापलीकडे गवताची मोडकी कोठी आहे,
तिथे कुणी जात नाही. खिडकीतून ती धरतो.
तीनवर अख्खा काठ.
बारावर दाराचं कुलूप,
ते मीच लावलं होतं, सत्त्याऐंशी साली,
आणि किल्ली त्याच हिवाळ्यात हरवली.
आत काय ठेवलं होतं, हेल्कालाही आठवत नाही.

काल तिनं सुया खाली ठेवल्या, म्हणाली, आण इकडे.
एका हातानं फिरवलं तिनं, सरळ बारापर्यंत,
आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

तर स्टोव्हजवळ ते आता लोण्यासारखं चालतं.
पण शिकार काही स्टोव्हजवळ होत नाही.
आज रात्रभर बंदूक पडवीच्या कुलूपबंद कपाटात ठेवली,
पहाटे चारला उठून कडं धरून पाहिलं.
उणे अकरा.
पट्टी लावून, श्वास रोखून,
सहापर्यंत आलं.

सहा पुष्कळ झालं.
अंधार आहे तोवर निघायचंय.
तिथे पोचेपर्यंत
तीनवरच ठेवीन.