हात न लावता

ये ईदा. माझा एप्रन तुला सैल होईल,
खिशात पेपरमिंट आहेत, राहू देत.

ही ती बाटली.
थेंब पाण्यासारखा दिसतो, वागत नाही पाण्यासारखा.
मोज्यातून आत येतो चार-पाच मिनिटांत,
ओलंसुद्धा लागत नाही.
मला सत्तावीस वर्षं लागलं नाही.

ही सिरिंज. हिच्यात एक रेझिन आहे, मधासारखं दाट, आळशी;
ते हलावं म्हणून दुसरं मिसळतात, सडसडीत.
सडसडीत असतं तेच जास्त भटकतं.

आता दिवा. नारिंगी काचेआडून बघ,
नुसत्या डोळ्यांनी नको.
वीस सेकंद निळं.
इतका वेळ सुटे फिरणारे एकमेकांचा हात धरतात
आणि दगड होतो.
वखारीतल्या तार्मोची दाढ मी अशीच भरायला दिली,
त्याच दुपारी त्यानं राईची कडक भाकरी मोडली तिच्यावर.
फक्त थोडं थोडं भर. धरताना ते आक्रसतं,
शंभरात दोन, कधी तीन,
आणि कडेला फट सुटते.

सगळ्यांना हात सापडत नाही, हेही लक्षात ठेव.
काही मोनोमर तसेच राहतात आत, हातावर हात धरून.
नवी कवळी रात्रभर पाण्यात ठेवा,
असं मी प्रत्येक म्हातारीला सांगते ते त्यासाठी.

खिडकीतून बघ, कल्लावेसी गोठायला लागलंय:
वर बर्फ, खाली पाणी सुटं.
आपलं उलटं. आत घट्ट,
आणि हवा लागते तो वरचा थर चिकट.
तो पुसून घे. बोटानं नाही.

रोग्याला क्वचितच बाधतं गं.
त्याच्या तोंडात राहतो तो बहुतेक बांधलेला;
आपल्या बोटांना भेटतो तो मोकळा.

माझ्या पाठीवर पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या,
चौथ्या दिवशी लेम्पिनेनबाईंनी
नावं वाचली शाळेतल्या हजेरीसारखी.
तीन जण हजर.
लाल, चौकोनी, खाजरे.

आता बोटांची टोकं फाटलेली,
फोन माझा अंगठा ओळखत नाही.
लेकीच्या लग्नात ती चकचकीत नखं लावायची नाहीत.
उद्या खुबा बदलायची वेळ आली
तर आधी सांगायचं सर्जनला,
हाडाचं सिमेंटही याच घराण्यातलं.
(मी विचारलं, मग चालू कशी? त्या हसल्या नाहीत.)

तर: चिमटा, टोकदार ब्रश, दर वेळी नवा मोजा,
मोज्यावर डाग पडला की लगेच फेक,
खिडकी थंडीतही बोटभर उघडी.
डॉक्टर रुओकोला घाई करतील. करू देत.

आणि असं लांब उभं राहू नकोस,
हे माझ्यापासून तुला लागणारं नाही.
दे हात.

बाटलीचं झाकण लावलंस?