खालचे दिवे

गाडी बेस मॉडेल.
बंपरला दोन बाजूंना दोन गोल खळगे,
वर काळ्या प्लास्टिकची झाकणं.
सहा वर्षं मी ती धुतली, पुसली,
कशासाठी आहेत हे विचारलं नाही.
स्टिअरिंगखालच्या दांडीवर एक कडी होती,
फिरत नव्हती.
मला वाटायचं, शोभेची असेल.

डिसेंबरात पहिली पाळी म्हणजे
जरीपटक्याहून पावणेपाचला निघायचं.
मानकापूर मागं पडलं की धुकं,
कोराडीजवळ तलावाचं,
आणि त्यात मिसळलेली आमच्याच चिमण्यांची राख.
अप्पर मारला की समोर चुन्याची भिंत.
डिप्परला तीच भिंत, जरा जवळ.

त्या भिंतीतून एकदा सायकल निघाली.
ब्रेक.
डब्याचं झाकण उडालं, वरण सीटभर.
सायकलवाल्यानं वळूनही पाहिलं नाही.
मफलर कानांवर,
त्याच्यापुरती मी तिथे नव्हतेच.
प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे नमुने तपासले,
बोटांना हिंगाचा वास.

ऑटोमोटिव्ह चौकात टायरवाल्याच्या मागं
रतिराम उईके बसतो.
बंपरखाली पाठीवर सरकत गेला
आणि तिथूनच बोलला,
"वायर तं कंपनीनंच आणून ठेवली हाये, मॅडम."
स्पंजात गुंडाळलेलं सॉकेट,
आतल्या पिना कोऱ्या, पिवळ्या.
फ्यूजच्या पेटीत पंधरा ॲम्पिअरचं घर रिकामं.
रिलेची जागा, चार भोकं, धूळसुद्धा नाही.

"म्हणजे विसरले?"
"विसरतीन कायले? वरच्या मॉडेलले साठ हजार जास्त घेतेत ना."

दांडी त्यानं मांडीवर उघडली,
खाली कालचा पेपर, स्प्रिंग पळू नये म्हणून वाटी.
कडीला आतून एक दात होता,
दोन मिलिमीटरचा.
तेवढ्यावर सगळं अडलेलं.
"पर्समंदी नखं घासाचं हाये काय?"
मी दिलं.
तो घासत राहिला, फुंकत राहिला,
मग कोऱ्या पिनेला वायर डाखली
आणि रिले बसवताना पाढे म्हटल्यासारखा पुटपुटला:
तीसले बॅटरी, पंच्याऐंशीले अर्थिंग,
शहाऐंशीले स्विच, सत्त्याऐंशीले दिवे.

दिवे कळमन्याच्या भंगारातले,
एकाच्या काचेला केसाएवढी चीर.
अकराशे रुपये.
कडी फिरली. टक्.
समोरच्या शटरवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
पिवळा पट्टा उमटला.
"मीटरमंदी निशाणी नाही येनार," तो हात पुसत म्हणाला,
"मीटर मी उघडत नाही.
लागले का नाही, ते उतरून पाहाचं."

मग चार दिवस धुकंच नाही.
आभाळ घासलेल्या ताटासारखं.
मी रोज कडी फिरवायची,
मोकळ्या रस्त्यावर, उगीच.

पाचव्या पहाटे आलं.
फार लांबचं दिसलं असं नाही.
कडेची पांढरी रेघ दिसली,
खड्ड्याचा ओठ,
आणि दोन चपला,
पायडलवर खाली, वर, खाली.
वरचा माणूस धुक्यातच होता.
मी चपलांच्या मागं मागं, तिसऱ्या गिअरमधे,
वळणापर्यंत गेले.

दुपारी दोनला सुटले.
ऊन इतकं की गाडीचं हँडल धरवेना.
गेटवरच्या कुंदा शेंडेनं काठीनं बॉनेट ठोकलं,
"अहो, तुमचे खालचे सकाळपासून लागलेच हायेत."

मी उतरले.
पुढं जाऊन, वाकून,
हाताची सावली करून पाहिलं.