आधी निळी

आधी निळी, मग लाल, मग सोनेरी,
हिरवी, जांभळी, शेवटी करडी.
मडगावच्या बसमध्ये मी नळ्यांचा क्रम पुटपुटते
आणि शेजारची बाई जप चाललाय समजून
पाय आवरून घेते.

संध्याकाळच्या वर्गात एक रबरी हात आहे,
कोपरापाशी भोकंच भोकं.
त्यातून कोकमाच्या रंगाचं पाणी येतं.
तो कधी दचकत नाही.
त्याच्यावर आम्ही सगळेच हुशार झालो.

मग पिएदाद बाई म्हणाल्या, आता एकमेकांचे.

माझ्या वाट्याला प्रज्योत.
गेल्या वर्षापर्यंत मांडवीवरच्या कसिनोत पत्ते वाटायचा,
पान कुठून निघालं कळू नये अशी बोटं.
सुई हातात आल्यावर तीच बोटं
जेटीला बांधलेल्या होडीसारखी हलू लागली.
दोनदा चुकला. पुढं मीच नको म्हटलं.
आठवडाभर माझ्या कोपरात डाग,
आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा.
त्यालाही क्रम होताच.

माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या हातावर
डोळे रुतवून बसले.
बाईंनी माझा चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"दिसते ती फसवते, पोरी.
दाबल्यावर परत वर येते, ती खरी."

मी डोळे मिटले.
आणि आठवली आईची पावलं,
कुठ्ठाळीच्या चिखलात, ओहोटीला.
गुडघाभर पाण्यात ती खाली बघतच नाही,
कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाबद्दल बोलत असते
आणि अंगठ्याला तिसऱ्या लागत जातात.

बोटाखाली काहीतरी लवलं.
प्रज्योत छताकडे बघत म्हणाला, "टोचलंस?"
नळी अर्धी भरली होती.

आता सकाळी आरोग्य केंद्र. साडेसातला रांग, सगळे उपाशी,
म्हणून सगळे रागावलेले.
नाव आपण सांगायचं नसतं, विचारायचं असतं.
मिंगेल फेर्नांदिस, चाळीस वर्षं जहाजावर,
हातावर गोंदलेला नांगर,
आणि नांगर टाकूनही शीर एका जागी ठरत नाही.
दुखणार नाही असं म्हणायचं नाही, हे बाईंनी बजावलंय.
थोडं टोचेल, म्हणते मी.
"टोच गो बाय. रोटरडॅमला याहून मोठ्या सुया बघितल्यात."

पट्टा आधी सोडायचा, सुई मग काढायची.
उलट केलं की काय होतं
ते माझ्या ॲप्रनवर आहे,
दोन धुण्यांत गेलं नाही.

रविवारी आईनंच हात पुढं केला.
"दाखव काय शिकलीस."
सुई नव्हती. नुसतं बोट फिरवलं
शिंपल्यांनी चिरलेल्या, खाऱ्या पाण्यानं
राठ झालेल्या कातडीवर.
बराच वेळ काही नाही.
मग कोपराच्या बाहेरच्या अंगाला, खोल.

"सापडली?"

मी दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"मग सोड आता," आई म्हणाली,
"पाणी चढायला लागलं."