चाळणीपाशी

मिता कोर्डोम पाण्यात चाळणी हलवते.
वाळू निघून जाते; उरतं ते चिमट्याने उचलते:
बेडकाची मांडी, तांदळाच्या कणीएवढी,
उंदराचा दात,
पेंग्विनच्या पंखाचं एक हाड,
जे कधी उडलंच नाही.

इथे नदी समुद्राला मिळायची, ती सांगते,
शेजारणीचं लग्न सांगावं तसं.
आता समुद्र लांब गेलाय.
वारा फिरला की तेवढा मिठाचा वास.

तिचा बाप याच खाणीत फॉस्फेट उपसायचा,
खतासाठी.
यंत्राच्या दातांत एकदा अस्वलाचा दात आला.
त्याने खिशात घातला,
मुकादमाला सांगितलं नाही.
आफ्रिकेत अस्वल! कोण विश्वास ठेवणार?
बाकीची हाडं दळली गेली,
गव्हाच्या रानांवर पसरली.
"त्यांचाच पाव खाऊन वाढलो आम्ही,"
मिता म्हणते, आणि हसत नाही.

खड्ड्यात जिराफ पडलेत, एकावर एक,
आखूड मानेचे, जाड शिंगांचे.
पाटीवर नाव: सिवाथेरियम.
शिवाचं जनावर, मी म्हणतो.
"कोण शिव?"
मी राख, स्मशान, जटेतली नदी
असं काहीबाही सांगत सुटतो.
नदीपाशी ती मान हलवते.
"मग बरोबर. नदीनेच आणून टाकलेत इथे."

पाच वाजता चाळणी पालथी पडते.
ती चपला झाडते, एक, मग दुसरी.
बापाच्या त्या दाताचं पुढे काय झालं,
विचारायचं राहिलं.
तिच्या गळ्यात एक काळा दोरा होता,
कॉलरच्या आत गेलेला.