साडेबासष्ट

मुंग्या झाल्या म्हणून पिठाचा डबा उचलला,
तर खाली चौघडी पावती:
दांडिया बाजार, दुसरा माळा, खोल्या दोन,
भाडूत यशवंत भास्कर पागनीस,
दरमहा रुपये साडेबासष्ट.

मी शैलजाताईंना अठराशे देते.
पाच तारखेला, रोख.
बोटाला थुंकी लावून त्या दोनदा मोजतात
आणि म्हणतात, "निम्मं निम्मं हं,
तुझ्यावर काही कमवत नाही मी."

साडेबासष्टचे निम्मे सव्वाएकतीस.
एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटावर भागाकार केला.
सत्तावन्न पट, वर थोडं.

"बाबांनी अकरा वर्षं कोर्टात चपला झिजवल्या,"
त्या म्हणाल्या, "त्याचं भाडं कोण देणार?"
"त्या चपला मी नाही घातल्या."
"आणि मालक घेतोच कुठे?"
त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून मनीऑर्डरींची चळत काढली,
प्रत्येकीवर जांभळा शिक्का, घेण्यास नकार.
"म्हणजे साडेबासष्टसुद्धा देत नाही तुम्ही!"
यावर त्यांनी गॅस बारीक केला.

मग आठ दिवस
फ्रिजमध्ये चिकटपट्टी.
माझं दूध डावीकडे.
कूलरचं तोंड त्यांच्या खाटेकडे,
मे महिन्यात, बडोद्यात.

गुरुवारी मालकाचा मुलगा आला
मोजपट्टी आणि कॅमेरेवाला घेऊन.
दोरीवर दोन टॉवेल होते, त्याने दोन्ही मोजले.
"आ कोण छे?"

अठराशे हा शब्द जिभेवरच होता.
तो खाली पडला असता तर
यशवंत भास्कर पागनीस दुसऱ्यांदा गेले असते,
आणि त्यांच्यामागून माझी खाट, बादली,
आणि स्टेशनवरून सात रुपयांत घरी येणं.

"भाची," शैलजाताई म्हणाल्या.
"अटक तो जुदी छे ने?"
"मावशीचं आडनाव वेगळंच असतं," मी म्हटलं,
आणि आत वळून, "मावशी, यांना पाणी देऊ?"

तो उभ्यानेच प्यायला.
कॅमेरेवाल्याने जिन्याचा फोटो काढला,
काहीतरी काढायला हवं म्हणून.

संध्याकाळी भात दोघींचा लागला.
"बाराशे," मी ताटाकडे बघत म्हटलं.
"सोळाशे."
"चौदाशे, आणि खिडकीची खाट."
"खिडकी बाबांची होती," त्या म्हणाल्या.
आमटी वाढली. थोड्या वेळाने,
"वारा कमीच येतो तिथे. घे."

आता घरातही चुकून मावशी म्हणते मी.
त्याही ओ देतात, चुकूनच.
पाच तारखेला मात्र ताई.
चौदा नोटा, थुंकी, दोनदा.

"पावती?" मी या वेळी विचारलं.

चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
"भाचीला कोणी पावती देतं?"