हौद

विहीर माघातच आटली.
शिंपडून भागत नाही आमच्यात, माणूस अख्खा बुडावा लागतो.
म्हणून परतूरहून टँकर. बाराशे रुपये, दानपेटीतले.

उपदेश जीवनाच्या पाण्यावर होता:
ते फुकट मिळतं, म्हणालो.
पावती खिशात.

शेवंता खरात, वय त्रेपन्न,
बुडाली, वर आली,
पदर डोक्याला चिकटलेला,
आणि हसली.
मनात जुळवलेली प्रार्थना मी विसरलो.

आमेन व्हायच्या आत फाटकाशी हंडे वाजले.
शेजारची सोजरबाई:
"पास्टर, पाणी सांडू नगा. म्हशीला हुईल."

मी म्हणालो, बाई, यात आत्ताच
एकीचं जुनं आयुष्य धुतलंय.

"मंग? साबण तर नव्हता ना?"

म्हैस प्याली.
हौदाच्या तळाशी एक बांगडी राहिली, हिरवी.