चार टक्के बॅटरी

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन खिडक्या उघड्या,
तिन्ही लॅपटॉपमधल्या.
बाहेर हॅलिफॅक्सची चढण, काजळलेल्या दगडी घरांची ओळ,
आणि जानेवारी,
जो इथे कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मी कुलपं उघडते. अठरा वर्षं झाली.
दिवसा बाजाराच्या छताखाली किल्ल्या कापते,
रात्री जाते त्यांच्याकडे,
ज्यांची दारं त्यांच्यावरच रुसलीत.
आजवर माझी जाहिरात म्हणजे एक पिवळा स्टिकर,
बसथांब्याच्या खांबावरचा.
काउन्सिलच्या माणसानं तो खरवडला,
शेवटचे दोन आकडे तेवढे राहिले.
दोन आकड्यांवर कोण येणार?

म्हणून वेबसाइट.
पहिला म्हणतो, महिना नऊ पौंड, सगळं तयार:
हसरं कुटुंब, पांढरंशुभ्र दार
(आमच्या गल्लीत असं दार एकाचंही नाही).
दुसरा फुकट,
पण पानाच्या कपाळावर त्याचंच नाव,
भाड्याच्या शेरवानीला आतून दुकानाचा शिक्का असतो ना,
तसं, फक्त बाहेरून.
तिसरा म्हणतो, तुझं तूच बांध.
वीट तुझी, गिलावा तुझा,
गळायला लागलं तर ते पाणीही तुझं.

पहिल्याला मी विचारलं:
उद्या निघायचं झालं तर सामान नेता येईल?
चॅटवरच्या कुणा डेक्लननं लगेच कळवलं,
"मजकूर नेता येईल. रूप नाही."

मी चहा पुन्हा गरम केला.
आमचंही असंच झालं होतं, डेक्लन,
बार्शीहून निघताना.

विद्याधर म्हणाला, गॅलरी हवी, लोक फोटो बघतात.
कसले फोटो? उघडलेल्या दाराचे?
उघडं दार सगळीकडे सारखंच दिसतं.
लेक लीड्सहून म्हणाली, आई, फॉन्टकडे लक्ष दे.

मला मात्र ऑर्मरॉडबाई आठवत होत्या.
एक्याऐंशी वर्षांच्या, सपातांवर परसात आलेल्या,
मांजराला हाक मारायला,
आणि मागे दार लागलं.
चष्मा आत. फोनमध्ये चार टक्के.
त्यांना माझी गोष्ट नको होती, माझं ध्येयवाक्य नको होतं.
आकडे हवे होते,
बोटाएवढे मोठे.

तिन्ही ठिकाणी एकेक कच्चं पान करून ठेवलं
आणि रात्री सव्वाअकराला मी परसात गेले,
चष्मा मुद्दाम टेबलावर ठेवून.
अंगठा गारठेपर्यंत थांबले.
मग उघडलं.

पहिल्याचं कुटुंब हसत हसत आलं, सावकाश,
आधी दात, मग हनुवट्या.
दुसऱ्यानं विचारलं, कुकीज चालतील का?
अहो, बाई दाराबाहेर उभी आहे.
तिसरं, माझ्या हातचं, वाकडं,
पिवळ्यावर काळे अकरा आकडे,
बाकी काही नाही.
पापणी लवायच्या आत समोर.

आणि मागे खट्ट.

हा आवाज अठरा वर्षं
मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले होते.

हत्यारांची पेटी आत, मी बाहेर.
मी त्या आकड्यांवर बोट ठेवलं.
फ्रिजवरचा धंद्याचा फोन
काचेपलीकडे थरथरायला लागला.
विद्याधर डोळे चोळत आला, नंबरही न बघता
इंग्रजीत बोलला, अशा आवाजात
जो गिऱ्हाइकांसाठी राखलेला, मी कधी न ऐकलेला:
"घाबरू नका. कुठे उभ्या आहात?"

इतकं मऊ मला कुणी विचारलं नव्हतं बऱ्याच दिवसांत.
मी थोडा वेळ काही बोललेच नाही.

"परसात," म्हटलं शेवटी. मराठीत.
तो काचेतून बघत राहिला.
मग म्हणाला, "रात्रीचा दर दुप्पट आहे."

पान अजून वाकडंच आहे.
शनिवारी एकदा कोसळलं, पहाटेपर्यंत मी गळती शोधत होते.
लेकीला तो पिवळा भयंकर वाटतो.
वाटू दे.
काल ब्रिगहाउसहून एका मुलाचा फोन आला,
नाव सांगायच्या आतच त्याचा फोन विझला.
पत्ता मात्र
पोहोचला होता.